अदलाबदलीचं बटण

४ ऑक्टोबर, शनिवार

आधी सगळ्यांच्या तब्येती विचारते, मग भांडण लिहिते. ह्यांचा गुडघा कसा आहे? सुजलेलाच, पण चहाची वेळ झाली की चुलीपर्यंत बरोबर चालतो. श्रावण भाऊजींचा खोकला? आहे, आणि तंबाखूही आहे. लेकाचा, नयनचा घसा? पुण्याहून फोनवर खरखरत होता, म्हणे एसीमुळे. त्याने टाकून दिलेला हा लॅपटॉप? तापतो, फणफणतो, पण मरत नाही. आणि निशूची तब्येत? — माहीत नाही. पोरगी फोनच उचलत नाही. जावई नागपूरला नोकरीला, रविवारचे तेवढे घरी येतात. मग विचारायचं कोणाला?

काहून उचलत नाही, ते आज दुपारी कळलं. तिच्या सासऱ्याचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा, भगवानरावांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. एकदम —

"माया नंबर तुमच्या दिराले काहून देल्ला?"

मी म्हटलं, कसला नंबर?

"मशीनचा! काल दिवसभर मजूर घेऊन गंजीपाशी बसलो. मशीन आलीच नाई. संध्याकाळी पानी आलं. आता गंजीत हात घातला तं कोपरापर्यंत ओला निंगते! आन तिकडं तुमचा दीर सोयाबीन काढून, पोत्यात भरून, पाय पसरून बसला हाये!"

मशीन म्हणजे आमच्या बचत गटाचं मळणीचं थ्रेशर. आजूबाजूच्या गावांतले लोक त्याचा नंबर लावतात. एका दिवशी एकच शेतकरी. आधी नंबर तोंडी असायचे, आणि रोज कोणाची तरी कॉलर कोणाच्या तरी हातात. म्हणून मी वेबसाइट बनवली. हो, मीच! शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं हिंदी व्हिडिओ बघून, भाकरी थापता थापता. मोबाइलवर नंबर लावा, रद्द करा, ठरल्या दिवशी जमत नसेल तर दुसऱ्याशी अदलाबदल करा. सगळं बटणावर. मागच्या साली सगळ्यांनी पाठ थोपटली. आणि आता हा माणूस मला चोर म्हणतो!

मी विचारलं, भाऊजींनी तर २९ तारखेला काढलं. तुम्ही म्हणता तुमचा नंबर ३ चा. मग तुमचा नंबर भाऊजींना गेला कसा?

"२९ बी मायाच होता!"

मग २९ ला मशीन कायले नाही बोलावली?

फोनच आपटला.

खोटं बोलणाऱ्याला पुढचं वाक्य सापडत नाही, ते हे असं!

५ ऑक्टोबर, रविवार

साइट उघडली. ३ तारखेच्या पानावर नाव एकच — बळीराम. भगवानरावांच्याच गावचा, शेत मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. मशीन चालवणाऱ्या डोंगरसिंगला विचारलं. तो म्हणाला, "काकू, मोबाइलवर बळीरामभाऊचं नाव दिसलं, मी तिकडं गेलो. मशीनले का सपन पडते, की दुसऱ्या टोकाच्या वावरात कोन बसलं हाये?"

झालं तर मग. म्हातारा नंबर लावायलाच विसरला, आणि आता माझ्या नावाने शिमगा!

निशूला फोन केला. उचलला नाही. मग मेसेज आला, "बरी आहे. नंतर बोलते." एवढाच. एरवी ही पोरगी मला भाजीत मीठ जास्त झालं तरी फोटो पाठवते. हा मेसेज कोणी बाजूला उभं राहून लिहवून घेतल्यासारखा वाटला.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. दूध आटवलं. ह्यांनीच पिलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गटाची बैठक. बाया माझ्याकडे न बघता बोलत होत्या. ते तोंडावर बोलण्यापेक्षा वाईट. बातमी सगळीकडे गेली आहे — व्याह्याचा नंबर काढून दिराला दिला म्हणे.

घरी येते तर भाऊजी ओट्यावर. "वहिनी, तुमच्या काम्पुटरनं मले बसल्या जागी चोर केलं!"

मी म्हटलं, तुम्ही २९ चा नंबर लावला कसा?

"कसा म्हंजे? घट बसल्यावर मोबाइल पाहून राह्यलो होतो. २९ मोकळी दिसली. बटन दाबलं. मोकळ्या बाजेवर बसलो तं त्यात माया का गुन्हा?"

"सप्टेंबरच्या शेवटी तारीख मोकळी?" हे म्हणाले. "त्या दिवसात लोक मशीनमागं पळत होते अन् तुले मोकळी बाज सापडली?"

भाऊजी उठून गेले. ह्यांच्या तोंडून बरोबर गोष्ट महिन्यातून एखादी निघते, ती आज निघाली. तारीख मोकळी झाली कशी?

८ ऑक्टोबर, बुधवार

आज पान सोडून थेट आतला तक्ता उघडला, जिथे सगळे नंबर साठवलेले असतात. पाहिलं, बंद करून परत उघडलं, तरी तेच.

३ ऑक्टोबर — बळीराम.
३ ऑक्टोबर — भगवानराव.

एकाच तारखेवर दोघं! पान मात्र दाखवतं एकच, पहिलं सापडेल ते. बळीराम सापडला, भगवानराव मागे राहिले. डोंगरसिंगला तरी कुठून दिसणार?

म्हणजे ३ तारखेचं तो व्याही खरं बोलत होता. मेला! खरं बोलायचं तर नीट बोलायचं ना!

पण दोन नावं आत शिरली कुठून? कंट्रोलर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. कंट्रोलर म्हणजे दारात बसलेली म्हातारी. येईल त्याला विचारते, कोण तू, काय काम, आणि मग आत सोडते किंवा हाकलते. माझी म्हातारी नंबर लावताना आधी बघते, तारीख मोकळी आहे का. नसेल तर हाकलते. मी दहा खोटे नंबर लावून पाहिले. प्रत्येक वेळी बरोबर हाकललं. रद्द करून पाहिलं. बरोबर.

मग काही तरी हलवायला गेले आणि सगळीच साइट पडली. लाल अक्षरांत ओरडायला लागली, की जो नाहीच त्याला तू हाक मारलीस. खरं होतं. शेतकरी सापडला नसतानाच मी त्याचं नाव विचारत होते. रिकाम्या घरासमोर उभं राहून "आहे का कोणी घरात" म्हणण्याऐवजी एकदम "जेवलीस का ग" म्हटल्यासारखं. ते सावरलं. पण मूळ दुखणं तिथेच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नयनला विचारलं. म्हणाला, "आई, एवढा मोठा कंट्रोलर कोणी लिहितं का? सगळं एकातच कोंबलंस. मोडून नव्याने लिही."

मी म्हटलं, तुझ्या लहानपणी घर एकाच खोलीचं होतं, तेव्हा का मोडून नव्याने बांधलं होतं? नऊ माणसं मावत होती.

हसला. खोकला. मीटिंग आहे म्हणाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आल्या आल्या लिहायला बसले.

राळेगावला बाजाराला गेले होते. स्टँडसमोर, बसची वाट बघत उभी, हातात भाजीची पिशवी. मागून आवाज आला.

"या! या! मास्तरीनबाई! आज कोनाचा नंबर कोनाले वाटून राह्यल्या?"

भगवानराव. पांढरी टोपी, डोळे लाल. चार माणसं वळून बघायला लागली.

मी हात जोडले. म्हटलं, व्याहीबुवा, घरी बसून बोलू. कुठे तरी चूक आहे, मी शोधून राहिले.

"शोधून राह्यल्या! माया सोयाबीनले कोंब फुटले, कोंब! त्यात तुमी का शोधता? घरच्याले आधी, व्याह्याले मंग! आन वरून मले इचारता, २९ ले मशीन कायले नाई बोलावली? तुमाले काय करायचं हाये मी २९ ले काय केलं त्याचं?"

मी म्हटलं, विचारलं तर एवढं काय झोंबलं? खरं काय ते सांगा की.

तो म्हणाला, "वैष्णवीले दिवाळीले पाठवनार नाई. सांगून ठेवतो. वाट पाहू नका."

वैष्णवी म्हणजे माझी निशू. लग्नात त्यांनी नाव बदललं. तिथे तिला कोणी निशिगंधा म्हणत नाही.

मी पण मग बोलले. नको ते बोलले. म्हटलं, पोरगी दिली आहे, विकली नाही. तुमच्या गंजीचा राग माझ्या लेकीवर काढता, लाज वाटू द्या! तो म्हणाला, "लाज तुमच्या काम्पुटरले शिकवा."

बस आली. चढले. खिडकीतून पाहिलं, तर तिथेच उभा होता, टोपी काढून टाळू पुसत. भैताड मेलं!

लग्नानंतर एकही दिवाळी तिच्याविना गेली नाही. पाठवणार नाही म्हणे. जसा काही नंबरच आहे माझ्या लेकीचा, मनात आलं तर रद्द!

१२ ऑक्टोबर, रविवार

ह्यांना म्हटलं, चला, जाऊन घेऊनच येऊ पोरीला. हे म्हणाले, "कोणत्या तोंडानं? चूक कोणाची हे तुलेच अजून माहीत नाही."

खरं आहे. राग येतो असं खरं बोलल्यावर.

दुपारी बळीराम आला. गटाची ताडपत्री परत द्यायला. पाणी दिलं. मी सहज म्हटलं, बळीराम, तुमचं सोयाबीन तर निघालं, भगवानरावांचं बुडालं.

तो म्हणाला, "म्हून तं मी तुमाले इचारनार होतो, काकू. आमची अदलाबदल झालती ना. त्यायचा २९ मले, माया ३ त्यायले. ते सोता घरी आले होते बोलाले, मनले त्या दिवशी बिलकूल जमत नाई. मी मोबाइलवर मंजूर दाबलं. पन दुसऱ्या दिवशी पाह्यतो, तं माया नंबर ३ चा ३! मनलं, त्यायचा इचार बदलला असन."

मंग विचारलं नाही त्यांना?

"मोठा मानूस. फिरून काय इचारता?"

बघा! एकाने दुसऱ्याला मान दिला, आणि त्या मानापायी तिसरीच्या गळ्याला फास. एक शब्द विचारला असता तर गंजी वाचली असती!

पण अदलाबदल. तिकडे मी डोकावलेच नव्हते. नंबर लावायचं दार ठोकत बसले, आणि चोर परसदारी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं. सापडलं!

सकाळीच अदलाबदलीचा भाग उघडला. लिहिला तेव्हा स्वतःची किती हुशारी वाटली होती! तांदळाच्या डब्यात डाळ आणि डाळीच्या डब्यात तांदूळ करायचे, तर तिसरा रिकामा डबा लागतो, हे कोणत्याही बाईला कळतं. मी तसंच लिहिलं होतं. एक पहिला, एक दुसरा, आणि तिसऱ्याचं नाव ठेवलं तात्पुरता. तात्पुरत्यात पहिल्याला ठेवायचं. पहिल्याला दुसऱ्याची तारीख द्यायची. मग तात्पुरत्यातली जुनी तारीख दुसऱ्याला. दहा वेळा वाचलं. बिनचूक!

मग खोटे शेतकरी केले. वांगं २९ ला, टमाटं ३ ला. अदलाबदल दाबलं. दोघंही ३ ला!

प्रत्येक ओळीनंतर कोणाकडे काय आहे, ते पडद्यावर छापून पाहिलं. वांग्याला ३ तारीख दिली, आणि त्याच ओळीला तात्पुरत्याचीही ३ झाली. मी तर त्याला हातसुद्धा लावला नव्हता! भूतच म्हटलं. मग नीट पाहिलं. प्रत्येक नोंदीपुढे, म्हणजे ऑब्जेक्टपुढे, लॅपटॉप आपला एक आकडा छापतो, ओळख पटायला. वांग्याचा आणि तात्पुरत्याचा आकडा एकच!

डोकं चालेना. चहा ठेवायला उठले. फडताळावर निशूच्या लग्नाचा फोटो आहे. जावई ताटातल्या तांदळात अंगठीने नाव काढताहेत — वैष्णवी. निशू मान खाली घालून बघते आहे.

आणि तिथेच उभ्या उभ्या कळलं.

नाव दुसरं ठेवलं म्हणून पोरगी दुसरी झाली का? तिकडे वैष्णवीला ताप आला, तर इकडे निशूचंच अंग तापतं ना! पोरगी एक, हाका दोन. मी तिसरा डबा घेतलाच नव्हता. तांदळाच्याच डब्यावर आणखी एक चिठ्ठी चिकटवली, तात्पुरता म्हणून. मग त्यात डाळ ओतली, तर चिठ्ठीवाल्या डब्यात तांदूळ कुठून राहणार? जुनी तारीख त्याच क्षणी पुसली गेली. दोघांच्या वाट्याला ३ आली, २९ कोणाचीच राहिली नाही, आणि भाऊजींना मोकळी बाज दिसली.

वर, अदलाबदलीच्या वेळी तारीख मोकळी आहे का, हे विचारायला मी म्हातारीला बसवलंच नव्हतं. म्हटलं, दोघं राजी आहेत, आता कशाला विचारायचं!

चहा उतू गेला. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, चोर सापडला. म्हणाले, "कोण?" म्हटलं, मी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुरुस्त केलं. आख्खा माणूस बाजूला ठेवायचाच नाही, फक्त त्याची तारीख ठेवायची. तीन ओळींचं काम. भाऊजींना दाखवलं, त्यांना काही कळलं नाही, पण छाती पुढे करून गावात फिरायला गेले. गटातही सांगितलं. आता एकच घर राहिलं. तिकडे जायला पाय उचलत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. हे गुडघ्यामुळे आले नाहीत. एकटी गेले. डब्यात निशूच्या आवडीची करंजी.

अंगणात गंजी पसरलेली. हिरवे कोंब. भगवानराव काठीने उलटसुलट करत होते. वास येत होता. मला पाहून थांबले नाहीत.

मी उभ्यानेच सांगितलं. व्याहीबुवा, तुम्ही खरं बोलत होता. बळीरामही खरं बोलत होता. भाऊजींनी काही केलं नाही. अदलाबदलीचं बटण मी चुकीचं लिहिलं होतं. तुमचं नुकसान माझ्या हातून झालं.

"बटन." काठी चालूच. "माया आख्खा हंगाम तुमच्या एका बटनात गेला."

म्हटलं, हो.

"मंग आता का करू? बटन पेरू?"

मी म्हटलं, माफी मागायला आले. शिव्या द्या, ऐकून घेते.

दिल्या की! व्याह्याने विहिणीला देऊ नये अशा दिल्या. मी करंजीचा डबा घट्ट धरून ऐकल्या. माझी चूक होती. मग म्हटलं, आता निशूला भेटू द्या.

काठी थांबली. दारात विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या, पदर सावरत, दोन्ही हात चौकटीला लावून. दार अडवल्यासारख्या.

"झोपली हाये ते."

भर दुपारी? माझी पोरगी भर दुपारी झोपत नाही. म्हटलं, उठवा. नाही तर मी आत जाते, झोपलेली बघून जाते.

"नाई मनलं ना!" भगवानराव एवढ्या जोराने ओरडले, की बैल बिथरला. "निंगा आता. आन इतं येऊ नका. दिवाळी झाल्यावर पाहू."

मी उंबऱ्यापाशी डबा ठेवला. आतून काही आवाज येतो का, म्हणून कान दिला. पंखा फिरत होता. एवढंच.

रस्ताभर मनात एकच — कोंडलं आहे माझ्या लेकीला. चूक मी केली, शिक्षा तिला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

माफी मागितली ती परत घ्यावीशी वाटते. असल्या माणसाची गंजीच काय, घर भिजलं तरी मला काही वाटायचं नाही!

(हे खोटं लिहिलं. खोडत नाही.)

१८ ऑक्टोबर, शनिवार

निशूच्या करंज्यांनंतर घरात फराळाचं काही केलेलं नाही. हे म्हणाले, थोडा तरी चिवडा कर. म्हटलं, कोणासाठी? उद्या जावयांना फोन करते. तिथे नाही ऐकलं, तर चार माणसं घेऊन त्याच्या अंगणात जाऊन बसते. बघते कोण काढतं मला!

१९ ऑक्टोबर, रविवार

निशूने आवाज भरून पाठवला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. जसा आहे तसा उतरवून घेते.

"आई, मामाजीवर नको ना चिडू. २९ ले तेच मले यवतमाळले दवाखान्यात घेऊन गेलते, म्हून त्यायनं नंबर बदलला. मले दिवस गेले हाये, आई. तिसरा महिना आता सरला. रगत जात होतं, डॉक्टरीनबाईनं खाटेवरून उठू नको म्हटलं, फोनबी जास्त नको म्हटलं. मीच मामाजीले शपथ घातलती का आईले सांगू नका. मागच्या दोन्ही टायमाले पोट पडलं, तवा तू इतकी रडली, का मलेच तुले समजवा लागलं. आता नव्हतं ते होनार मायाकून. तू अंगनात होती तवा मी जागीच होती. करंज्या खाल्ल्या. पहिली मामाजीनंच आनून देल्ली."

लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. मग एवढंच पाठवलं —

पडून राहा. मी रडत नाही. तू बोलावशील तेव्हाच येईन. मला कळलं हे मामाजींना सांगू नको, त्यांची शपथ त्यांच्याकडे राहू दे. देऊ दे त्यांना मला शिव्या, हव्या तेवढ्या. कशी आहेस ते दोन शब्द तरी लवकर लिही.